डेल्मरची उघडी मूठ

हॅस्केट गावात डेल्मर प्रूइटइतका पोटातलं पोटात ठेवणारा माणूस दुसरा नव्हता, निदान ट्रॅक्टरच्या बाबतीत तरी. लबक शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं जुन्या ट्रॅक्टरांचं आवार होतं. कुठल्या ट्रॅक्टरचा गिअर चढावर सुटतो, कुठला डिझेलपेक्षा तेल जास्त पितो, कुणाच्या इंजिनाला आतून तडा आणि बाहेरून ताजा रंग आहे, हे सगळं त्याला तोंडपाठ. पण गिऱ्हाईक समोर आलं की तोंडातून ब्र निघत नसे. "चालवून बघा की," एवढंच म्हणायचा. चढ त्या मुलखात औषधालाही नाही, त्यामुळे बिघाड गिऱ्हाइकाच्या लक्षात यायला एखादा हंगाम तरी जायचा.

हाच माणूस शनिवारी दुपारी पोकर खेळायला बसला की त्याच्या पोटात पाणीही ठरत नसे.

खेळ हॉइट लेडबेटरच्या सरकी-पेंडीच्या दुकानात, मागच्या खोलीत चालायचा. चौघं जण असायचे: दुकानदार हॉइट, गुरांचा डॉक्टर पर्विस गँट, कापसाच्या जिनिंगचा मॅनेजर रॉइस टॅकेट आणि डेल्मर. जेवण आटोपून बसायचे आणि गुरांना चारा घालायची वेळ झाली की उठायचे. टेबलावर पैसा दिसायचा नाही, घेवड्याचे दाणे दिसायचे. त्या दाण्यांचं शेवटी काय होतं हे चर्चच्या पाद्रीबाबांना ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तेही हॉइटकडूनच उधारीवर कोंबड्यांचं खाद्य नेत.

खेळ सोपा. पाच पानं घ्यायची, नको असतील ती बदलायची, मग दाणे लावायचे. ज्याला झेपत नाही त्यानं पानं पालथी टाकून गप्प बसायचं. सगळ्यांनी टाकली तर उरलेला माणूस ढीग ओढतो, आणि त्याच्या हातात काय होतं हे त्यानं कुणाला सांगायची गरज नसते. ज्याला बघायचंय त्यानं वेळेवर दाणे टाकावेत.

डेल्मरला ही शेवटची सवलत अपमानासारखी वाटायची. हातात काही नसताना थाप मारून ढीग ओढला की तो पानं उताणी करून टेबलावर मांडायचा.

"बघा! दुर्री, चव्वा, सत्ती, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही! हवेवर घेतले तुमचे दाणे, हवेवर!"

खरा हात असताना सगळे पळाले तरी पानं मांडायचा, नाहीतर लोकांना वाटेल की थाप होती. आणि चांगला हात टाकून द्यावा लागला तर तोसुद्धा उघडा करून टाकायचा, म्हणजे कसल्या संयमाचा माणूस आपल्यात बसलाय हे सगळ्यांना कळावं.

"तू दाखवतोस कशाला रे?" रॉइसनं एकदा विचारलं.

"याला जाहिरात म्हणतात. आज थाप दाखवली की उद्या माझा खरा हात तुम्हाला थापच वाटणार."

"आणि आज खरा हात दाखवलास तर?"

"तर उद्याची थाप खरी वाटणार."

"मग उद्या आम्ही करायचं काय?"

"गोंधळायचं," डेल्मर म्हणाला.

बाकीचे तिघं काही गोंधळले नाहीत. दर शनिवारी उत्तरं फुकट मिळत असल्यामुळे त्यांना प्रश्नपत्रिका पाठ झाली होती. थाप असली की डेल्मर हॅट मागे सरकवून बोलत सुटायचा. खरा हात असला की एकदम गरीब व्हायचा आणि कोलाच्या बाटलीत खारे शेंगदाणे सोडत बसायचा. हे त्याला सांगण्याइतका वैरी मात्र त्या टेबलावर कुणी नव्हता. हॉइटच्या दुकानावर नवे पत्रे चढले ते कुणाच्या कृपेनं, हे सगळ्यांना माहीत होतं. पाऊस आला की पर्विस वर बघून विचारायचा, "काय हॉइट, डेल्मर गळत नाही ना कुठे?" आणि डेल्मर सगळ्यांच्या बरोबरीनं हसायचा. विनोद कळला नाही की तो जरा जास्तच मोठ्यानं हसत असे.

लग्न त्याचं झालं नव्हतं. तरुणपणी एका मुलीला त्यानं मागणी घातली होती, पण तिच्या आधी आणखी दोघींना विचारून झालं होतं हे त्यानं तिला मागणीतच सांगितलं. आपली निवड उथळ नाही हे तिला कळावं म्हणून. तिला कळलं. ती अमरिलोला गेली आणि तिथल्या एका दंतवैद्याशी लग्न करून सुखात राहिली.

पेट्रोलच्या रांगा लागल्या त्या वर्षी, ऐन जिनिंगच्या हंगामात, रॉइस टॅकेट कापसाच्या गाठीवर टेकला तो उठलाच नाही. गावानं रीतीप्रमाणे दुःख केलं, त्याच्या बायकोच्या घरी मावणार नाहीत इतकी भांडी भरून जेवण पोचवलं आणि रीतीप्रमाणे भांडी परत मागितली.

मग एका शनिवारी पेंडीच्या दुकानाचं मागचं दार उघडलं आणि इमोजीन टॅकेट अक्रोडासारखे पेकान घातलेला केक घेऊन आत आली. बाई पन्नाशीची, बुटकी, चष्म्याची. चर्चमध्ये ती पियानो वाजवायची आणि गाणाऱ्यांच्या चुका पियानोखाली झाकायची. तिला बघून तिघांनी चिरूट विझवले.

"रॉइसची खुर्ची रिकामी आहे ना?" तिनं विचारलं.

"आहे, बाई," हॉइट म्हणाला, "पण इथे... म्हणजे भाषा जरा..."

"तीस वर्षं जिनिंगवाल्याच्या घरात काढलीत मी, हॉइट. वाट पानं."

त्यानं वाटली. एका विधवेला लुबाडायचं कसं, या धर्मसंकटात ते तिघं पडले होते. पहिल्या तासातच ते संकट टळलं. बाई फार खेळायची नाही, पण खेळली की दाणे तिच्याकडे जायचे. सगळे पळाले की ती पानं पालथीच गड्डीखाली सरकवायची आणि दाणे ओढून घ्यायची. चेहरा रविवारचं प्रवचन ऐकताना असायचा तसाच.

डेल्मरला खाज सुटली.

"बाई, काय होतं हो हातात?"

"पानं."

"ते दिसतंय. कसली?"

"कागदाची."

"आम्ही काय परके आहोत का? मी नाही दाखवत तुम्हाला?"

"दाखवता ना," इमोजीन म्हणाली. "फार उपकार आहेत तुमचे."

डेल्मरनं मान लववून उपकाराचा स्वीकार केला.

उन्हाळ्याच्या तोंडावर तो डाव झाला. बाहेर धुळीचं वादळ उठलं होतं, दुपारीच दिवा लावावा लागला होता. डेल्मरच्या हातात तीन राजे आणि दोन सत्त्या आल्या. अशा हाताला फुल हाऊस म्हणतात आणि हॅस्केटमध्ये तो पावसासारखा येतो, म्हणजे वर्षातून एखाद्या वेळी आणि तेही सगळ्यांना नाही. त्यानं लगेच शेंगदाण्यांची पुडी उघडली. हॉइट आणि पर्विसनं ती पुडी बघितली आणि अदबीनं पानं टाकली. उरली इमोजीन. तिनं एकही पान बदललं नव्हतं. तिनं चष्मा पुसला आणि आपल्यापुढचे सगळे दाणे दोन्ही हातांनी मधे लोटले.

डेल्मरनं हिशोब मांडला. एकही पान बदललं नाही, म्हणजे पहिल्यापासूनच पाचही पानं पक्की. आणि ही बाई तर चर्चमध्ये पियानो वाजवते. त्याच्या डोळ्यांपुढे चार एक्के उभे राहिले, म्हणजे फुल हाऊसच्याही वरचा हात. त्याच वेळी दुसरंही एक चित्र उभं राहिलं: आपण असा हात टाकून देतोय, आणि बघणारे थक्क होताहेत. ते चित्र त्याला दाण्यांच्या ढिगापेक्षा देखणं वाटलं.

"बघून घ्या," म्हणत त्यानं पानं एकेक करून मांडली. "तीन राजे, दोन सत्त्या. आणि मी टाकतोय. या पंचक्रोशीत हा हात टाकणारा माणूस दाखवा मला!"

"नाही सापडायचा," पर्विस म्हणाला, आणि ते त्यानं अगदी मनापासून म्हटलं.

इमोजीननं आपली पानं गड्डीखाली सरकवली. हॉइटनं गड्डी पिसली.

"आता तरी सांगा, बाई. काय होतं?"

"बघायचं होतं तर दाणे टाकायचे होते, डेल्मर."

डेल्मर प्रूइट राजांचं फुल हाऊससुद्धा टाकतो, ही बातमी त्यानं स्वतःच तीन जणांना दिली होती. पुढच्या शनिवारपासून ते तिघं काहीही नसताना त्याच्यापुढे दाणे लोटायला लागले. तो टाकत गेला आणि दर वेळी आपण काय टाकलं ते अभिमानानं दाखवत गेला. हॉइटनं दुकानाच्या मागे एक पत्र्याची शेडही उभी केली.

डेल्मरला त्याचं काही नव्हतं. त्याला फक्त त्या पाच पानांनी झपाटलं होतं. तो इमोजीनच्या घरी जायला लागला. आधी पाण्याचा पंप दुरुस्त करायला गेला, मग नदीतले मासे द्यायला, मग मासे कसे झाले होते ते विचारायला. चर्चमध्ये तिच्या मागच्या बाकावर बसून दोन गाण्यांच्या मधे कुजबुजायचा, "निदान एक्का होता का, ते तरी सांगा." तिची उत्तरं दर वेळी वेगळी असायची. एकदा म्हणाली चार एक्के. एकदा म्हणाली दोन तिर्ऱ्या. एकदा म्हणाली तीन राजे. त्यावर तो तीन रात्री विचार करत होता आणि तिसऱ्या रात्री त्याच्या लक्षात आलं की तीन राजे आपल्याच हातात होते.

गाव आंधळं नव्हतं. पाद्रीबाबांनी डेल्मरचा हात हातात घेऊन म्हटलं, "विधवेला आधार देणं हे पुण्याचं काम आहे, बाळा."

"ती सांगतच नाही हो मला," डेल्मर कळवळून म्हणाला.

"सांगेल. बायकांना वेळ लागतो," पाद्रीबाबा म्हणाले.

भर उन्हाळ्यातले उकाड्याचे दिवस चालले होते तेव्हा इमोजीननं रॉइसचा ट्रॅक्टर विकायचा काढला. डेल्मर बघायला गेला. एरवी हा माणूस दुसऱ्याचा ट्रॅक्टर घेताना त्याच्या खाली अर्धा तास झोपायचा, तेल बोटावर घेऊन हुंगायचा. त्या दिवशी तो ट्रॅक्टरभोवती तीन फेऱ्या मारून इमोजीनच्या पायरीवर बसला.

"किंमत तुम्ही म्हणाल ती," तो म्हणाला. "तेवढं एक सांगा. कलर होता का? पाचही पानं एका रंगाची?"

"असेलही."

"बदाम?"

"ट्रॅक्टरचं बोला, डेल्मर."

"ट्रॅक्टर छानच आहे. इस्पिक?"

ट्रॅक्टर त्यानं ओढून नाही, चालवत नेला. तेवढं अंतर तो चालला. दुसऱ्या दिवशी इंजिन उघडलं तर आत आडवा तडा, नख जाईल एवढा. डेल्मर तसाच तेलाच्या हातांनी तिच्या दारात उभा राहिला.

"इंजिन फुटकं आहे, बाई!"

"रॉइस म्हणायचा खरा तसं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"विचारलंत कुठे? तुम्ही तर पानांचं विचारत होता."

एवढ्या वर्षांत आवारात परत आलेल्या गिऱ्हाइकांना आपण जे उत्तर देत आलो तेच आज आपल्याला मिळतंय, हे डेल्मरला कळलं आणि तो तेलाचे हात विजारीला पुसायला लागला. इमोजीननं त्याला आत बोलावून साबण दिला, मक्याचा ब्रेड आणि घेवड्याच्या शेंगा पुढे ठेवल्या. ती समोर बसली.

"एक सांगू, डेल्मर? तुमचा हात मला रॉइस असल्यापासून माहीत आहे."

"तो कसा?"

"रॉइस शनिवारी घरी आला की जेवताना सगळं सांगायचा. डेल्मरनं हे दाखवलं, डेल्मर हे बोलला. हॅट मागे गेली म्हणजे काय, शेंगदाणे निघाले म्हणजे काय. हॉइट आणि पर्विसबद्दल त्याला सांगायला फारसं काही नसायचंच. ते दाखवतच नाहीत ना. आमच्या घरात तुमच्याशिवाय विषय नव्हता. मूल नव्हतं आम्हाला. तुमच्यावर आमची संध्याकाळ निघायची." तिनं ब्रेडचा तुकडा त्याच्या ताटात टाकला. "तो गेल्यावर घरात कुणी बोलायलाच नव्हतं. म्हटलं, प्रत्यक्ष जाऊन बघावं."

डेल्मर शेंगा चिवडत बसला. टेबलावर तिघांना दाखवलेली पानं गावात किती घरी जेवायला गेली असतील, हा हिशोब तो पहिल्यांदाच करत होता. आपण जाहिरात करत होतो ती खरी. पण आपला माल कुणी विकत घेत नव्हतं, सगळे फुकटच वाटून खात होते.

त्यानं निश्चय केला: यापुढे पान दाखवणार नाही. त्याच शनिवारी त्यानं हॅट घट्ट बसवून, शेंगदाणे घरी ठेवून पर्विसला थाप मारली. पर्विस पळाला. डेल्मरनं पानं पालथी टाकली. हॉइटनं विचारलं, "बरं वाटत नाहीये का रे तुला?" डेल्मरनं हॅट आणखी घट्ट ओढली आणि पुढची पानं वाटायला घेतली. सोमवारी सकाळी तो केस कापायला गेला. केस नुकतेच कापले होते, तरी गेला, आणि न्हाव्याला सगळा डाव पानापानासकट सांगितला. बुधवारी पर्विस गाय तपासायला शेजारच्या गोठ्यात आला तो कुंपणावरूनच ओरडला, "तुझ्या हातात नुसती अठ्ठी मोठी होती म्हणे!"

पुढच्या शनिवारी हॅट पुन्हा मागे गेली. टेबलावरच्या सगळ्यांना हायसं वाटलं.

हिवाळ्यात डेल्मरनं इमोजीनला मागणी घातली. तिच्या ओट्यावर उभं राहून त्यानं आपलं सगळं सांगितलं: आवारावर बँकेचा बोजा किती आहे, रक्तदाब किती आहे, वरचे दात कुणाचे आहेत, अमरिलोच्या मुलीचं काय झालं, आणि आपण इथे पहिल्यांदा आलो ते तिच्यासाठी नव्हे, पानांसाठी आलो होतो.

"आणि आता?" तिनं विचारलं.

"आता पानांसाठी यायचं कारण नाही. तुम्ही सांगणार नाही हे मला कळलंय. तरी येतोय."

इमोजीननं चष्मा काढून पुसला. डेल्मरला धडकी भरली. मागच्या खेपेला ती असा चष्मा पुसून बसली होती तेव्हा त्याचं फुल हाऊस गेलं होतं.

"तुमच्याबद्दल मला माहीत नाही असं काही उरलंय का, डेल्मर?"

"नाही, बाई."

"मग बरं. या वयात मला नवं काही शोधत बसायचा कंटाळा आहे."

लग्न झालं. गाडी घेऊन दोघं न्यू मेक्सिकोच्या डोंगरात चार दिवस जायला निघाले. वाटेत एका खानावळीत, हिरव्या मिरचीचा रस्सा खाताना, इमोजीन आपण होऊन म्हणाली, "काही नव्हतं हातात त्या दिवशी. दश्शी मोठी, बाकी कचरा."

डेल्मरचा चमचा थांबला.

"मला ठाऊक होतं तू टाकशील," ती म्हणाली. "तुला जिंकण्यापेक्षा दाखवायला जास्त आवडतं. म्हटलं, दाखवू दे त्याला."

डेल्मरनं रश्शात चमचा फिरवला. मग तो समजूतदारपणे हसला.

"चार एक्के होते," तो म्हणाला. "तुला मला वाईट वाटू द्यायचं नाहीये, एवढंच."

खरं फुकट हातात पडलं की माणसाला ते खोटं वाटतं. इमोजीननं त्याला आणखी रस्सा वाढायला सांगितला आणि विषय कायमचा सोडून दिला.

परत आल्यावर एक अडचण उभी राहिली. नवरा-बायकोनं एका टेबलावर खेळू नये, असा जगभर दंडक आहे. दोघं मिळून तिसऱ्याला कापतात. हॉइटनं घसा साफ केला आणि म्हणाला, दोघांपैकी एकालाच बसता येईल, आपण हात वर करून ठरवू. डेल्मर उठून उभा राहिला. इमोजीन चांगली खेळते, तो म्हणाला, कदाचित त्याच्याइतकीच, आणि मंडळींनी तिला ठेवलं तर तो राग मानणार नाही.

"डेल्मर राहू दे, असं कोण म्हणतं?" हॉइटनं विचारलं, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत स्वतःच हात वर केला. पर्विसनं दोन्ही केले. इमोजीननंही केला.

डेल्मरच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तो बोलू लागला आणि थांबेना. एवढ्या वर्षांच्या संगतीत माणसाचा कस लागतो, मित्र कुणाला म्हणतात ते आज कळलं, वगैरे. पर्विसनं जमिनीकडे बघून सगळं ऐकलं. हॉइट मधेच उठून शेडच्या दाराची कडी बघून आला.

संध्याकाळी इमोजीन ओट्यावर वाटाणे सोलत बसली होती. डेल्मरनं सगळं भाषण तिला पुन्हा पहिल्यापासून म्हणून दाखवलं, हातवाऱ्यांसकट.

"छान बोललास," ती म्हणाली आणि शेंगांची पाटी त्याच्यापुढे सरकवली. "घे, अर्धे तू सोल."